‘ताई ची’तला ‘ची’ कोणता, आणि तो युद्धकलेत आला कुठून?

प्रश्न असा आहे: ‘ताई ची’ या चिनी युद्धकलेच्या नावाचा अर्थ बहुतेक ठिकाणी ‘परम ऊर्जा’ असा दिलेला असतो. मग त्यातला ‘ची’ म्हणजे चिनी लोक ज्याला प्राण म्हणतात तोच का? आणि हे नाव या कलेला दिलं कुणी?

पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. ते दोन वेगळे शब्द आहेत. लिपीत त्यांची अक्षरं वेगळी, आणि चिनी कानाला उच्चारही वेगळे. दुसऱ्याला मात्र वेळ लागेल, कारण हे नाव उसनं आहे. तत्त्वज्ञांच्या पोथीतून ते उचललं गेलं, आणि तेही बरंच उशिरा. हात-पाय आधी घडले, बारसं मागाहून झालं.

आधी उच्चार. पूर्ण नाव तीन अक्षरांचं आहे आणि उत्तरेकडच्या प्रमाण चिनीत ते ‘थाय-ची-छ्युएन’ असं काहीसं ऐकू येतं. पहिलं अक्षर ‘थोर, परम’, दुसरं ‘टोक, सीमा’, तिसरं ‘मूठ’. इंग्रजीने ही मूठ गाळून टाकली आणि उरलेली दोन अक्षरं जगभर गेली. प्राणासाठी, श्वासासाठी, वाफेसाठी चिनीत जो शब्द आहे तो ‘छी’. त्यात ह-कार आहे, आणि नावातल्या ‘ची’त तो नाही. सूरही वेगळे: नावातला ‘ची’ खालून वर चढतो, प्राणाचा ‘छी’ वरून खाली तुटतो.

घोळ झाला तो रोमन लिपीत. टॉमस वेड आणि हर्बर्ट जाइल्स या दोन इंग्रजांच्या नावाने ओळखली जाणारी लिप्यंतराची पद्धत एकोणिसाव्या शतकात रूढ झाली. तिच्यात ‘ची’ आणि ‘छी’ दोन्ही एकाच स्पेलिंगने लिहिले जात. फरक दाखवायला ‘छी’मध्ये एक वरचा स्वल्पविराम असे. छापणाऱ्यांनी कंटाळून तो टाकून दिला आणि दोन शब्दांचा एक झाला. १९५८ साली चीनने अधिकृत केलेल्या पिनयिन पद्धतीत दोघांना वेगळी रोमन अक्षरं मिळाली, पण तोवर ‘परम ऊर्जा’ पुस्तकांच्या मलपृष्ठांवर जाऊन बसली होती.

मराठी वाचकाला या घोटाळ्यात पडायचं खरं तर कारणच नव्हतं. आपल्याकडे च आणि छ, त आणि थ, क आणि ख हे भेद वर्णमालेतच आहेत, आणि चिनी भाषा नेमका हाच भेद मानते. ‘चिमणी’तला च तो नावातला, ‘छिद्रा’तला छ तो प्राणाचा. पण आपण चीन थेट ऐकला नाही, इंग्रजीच्या खिडकीतून वाचला. त्यामुळे इंग्रजीत जे हरवलं ते आपल्याकडेही हरवलं, आणि वर ‘ताईची’ असा शब्द हाती आला, जो जोडून लिहिला की पुढे ‘साडी’ किंवा ‘सायकल’ येईल असं वाटतं. (प्राणाचा शब्द अचूक लिहावा तर ‘छी’ होतो. तो आपण कशासाठी वापरतो हे सांगायला नको.)

आता ‘ची’ या अक्षराकडे जवळून पाहू. त्याच्या डाव्या बाजूला ‘लाकूड’ हे चिन्ह आहे. टोक, सीमा, ध्रुव अशा अर्थाच्या अक्षरात लाकूड कशाला? इ. स. १०० च्या सुमारास रचलेल्या ‘शुओवेन’ या सर्वांत जुन्या अक्षरकोशात याचं उत्तर एका ओळीत आहे: हा शब्द म्हणजे घराचं आढं. छपराच्या ऐन माथ्यावरून आडवं जाणारं लाकूड, ज्याच्या दोन्ही अंगांना वासे उतरतात. घरात त्याच्यावर काहीच नाही, म्हणून ‘सर्वांत उंच’. त्याच्या पलीकडे जाता येत नाही, म्हणून ‘टोक’. उत्तर ध्रुवाला आणि ध्रुवताऱ्याला चिनीत हाच ‘ची’ लागतो. बौद्ध ग्रंथ चिनीत आणणाऱ्यांनी अमिताभाच्या ‘सुखावती’साठी ‘परमसुख’ अशा अर्थाचा जो शब्द केला, त्यातही हाच ‘ची’ आहे.

कोकणातलं दुपाखी घर ज्याने आतून पाहिलंय त्याला ‘थाय-ची’ समजायला अर्धा मिनिट पुरावा. आढं एक, पाखी (छपराचे उतार) दोन. आढ्यावर पडलेलं पाणी क्षणभरही तिथे थांबत नाही, या पाखीने किंवा त्या पाखीने वळचणीला जातं. पण आढं स्वतः ना ह्या पाखीचं ना त्या, आणि ते काढलं तर दोन्ही पाखी खाली येतात. यिन आणि यांग हे शब्दही आरंभी असेच जमिनीवरचे होते: डोंगराची सावलीकडची बाजू आणि उन्हाकडची बाजू. ‘परमतत्त्व’ हे भाषांतर चुकीचं नाही, पण त्यातून हे छप्पर दिसत नाही. ‘थोरलं आढं’ म्हटलं तर दिसतं.

तत्त्वज्ञानात हा शब्द जुना आहे. ‘च्वांगत्सी’ या ताओपंथी ग्रंथात तो एकदा सहज येऊन जातो. पण त्याचं खरं घर म्हणजे ‘यी चिंग’, म्हणजे बदलांच्या ग्रंथाला जोडलेलं मोठं भाष्य. तिथलं वाक्य साधारण असं आहे: बदलात थाय-ची आहे, त्यातून दोन रूपं, दोनांतून चार प्रतिमा, चारांतून आठ रेखाकृती. एक, दोन, चार, आठ. अखंड आणि तुटक अशा तीन-तीन रेघांच्या या आठ आकृत्यांनाच ‘पा-क्वा’ म्हणतात. गंमत म्हणजे छांगशाजवळच्या मावांगत्वेच्या थडग्यात १९७३ साली याच भाष्याची रेशमावर लिहिलेली प्रत सापडली. थडगं इ. स. पू. १६८ मधलं. त्या प्रतीत या जागी ‘थाय-ची’ नाहीच, ‘थोर शाश्वत’ अशा अर्थाचा दुसराच शब्द आहे. म्हणजे ज्या वाक्यावर पुढे दोन हजार वर्षं तत्त्वज्ञान उभं राहिलं, त्यातला मुख्य शब्द त्या काळी अजून पक्का झालेला नव्हता.

तो पक्का केला सोंग राजवटीच्या काळातल्या विचारवंतांनी. चौ तुनयी (१०१७–१०७३) याने एक आकृती आणि तिच्यावर छोटं टिपण लिहिलं. टिपणाचा आरंभ चिनीत फक्त पाच अक्षरांचा: ‘वू-ची, आणि तरीही थाय-ची’. वू-ची म्हणजे जिथे आढंच नाही, टोक नाही, भेद नाही. पुढे तो म्हणतो की थाय-ची हलली की यांग होतं, हलणं पुरं झालं की स्थिर होते आणि यिन होतं. शंभरेक वर्षांनी चू शी (११३०–१२००) याने हे टिपण आपल्या विचाराच्या केंद्रस्थानी आणलं, आणि १३१३ पासून सरकारी परीक्षांना चू शीची भाष्यं अधिकृत झाली. ही परीक्षापद्धत १९०५ पर्यंत टिकली. ही बाब लक्षात ठेवा, युद्धकलेपर्यंत जाणारा रस्ता इथूनच फुटतो.

एक उपप्रश्न नेहमी येतो: काळ्या-पांढऱ्या माशांची जोडी (यिन-यांगचं प्रसिद्ध वर्तुळ) चौ तुनयीची का? नाही. त्याची आकृती पाच मजली आहे: वर रिकामं वर्तुळ, खाली काळ्या-पांढऱ्या अर्ध्या कड्यांचं वर्तुळ, मग चिनी पंचतत्त्वांची (धातू, लाकूड, पाणी, अग्नी, माती) जाळी, आणि खाली आणखी दोन रिकामी वर्तुळं. माशांची जोडी नंतरच्या मिंग राजवटीच्या काळात रूढ झाली. आणि आपल्याकडचा वाचक इथे पोचला की लगेच ब्रह्म-माया किंवा पुरुष-प्रकृती जुळवायला बसतो. त्यात घाई करू नये. थाय-चीत ‘खरं आणि भासमान’ असा भेद नाही. दोन्ही पाखी सारख्याच खऱ्या आहेत.

आता मूठ. आपण जसे ‘पट्ट्याचे हात’ म्हणतो आणि त्यात दहा प्रकारचे वार, पवित्रे, फिरक्या सगळं धरतो, तसं चिनीत ‘छ्युएन’ म्हणजे मूठ आणि निःशस्त्र लढण्याची पूर्ण पद्धतही. प्रश्न हा की ‘थोरलं आढं’ आणि ‘मूठ’ एकत्र कधी आले.

लोकप्रिय कथा वूतांग पर्वतावरच्या चांग सानफंग या ताओपंथी सिद्धाकडे बोट दाखवते: त्याने सापाची आणि पक्ष्याची झुंज पाहिली आणि कला सुचली. कागदोपत्री काय आहे? १६६९ मध्ये ह्वांग त्सोंगशी या विद्वानाने एका मल्लाचा मृत्युलेख लिहिला. त्यात शाओलिनच्या ‘बाहेरच्या’ पद्धतीसमोर एक ‘आतली’ पद्धत ठेवली आहे आणि तिचं मूळ चांग सानफंगला दिलं आहे. पण त्या लेखात ‘थाय-ची’ हे नाव नाही. ते धागे पुढे लोकांनी जोडले.

ज्या गावातून आजची कला बाहेर पडली ते हनान प्रांतातल्या वन तालुक्यातलं चेन घराण्याचं गाव, चेनजियागोउ. (व्यक्तींची आणि घराण्यांची नावं बहुतेक सवयीच्या रूपातच ठेवतो, नाहीतर ‘छन’ लिहावं लागेल आणि ओळखू येणार नाही.) सतराव्या शतकातल्या चेन वांगतिंगच्या नावे एक पद्य सांगितलं जातं: म्हातारपणी सोबतीला एक पोथी उरली आहे, कंटाळा आला की मूठ रचतो, काम आलं की शेत नांगरतो, वेळ उरला की पोराबाळांना शिकवतो. त्यातही ‘थाय-ची’ नाही. गावात क्रमांना (ओळीने करायच्या पवित्र्यांच्या संचांना) नावं होती ती ‘पहिला संच’, ‘तोफेचे ठोसे’, ‘तेरा पवित्रे’, ‘लांब मूठ’ अशी. कामाची, शेतकऱ्यांच्या तोंडची.

या क्रमांतल्या पवित्र्यांची बरीच नावं त्याहून जुन्या ठिकाणी भेटतात: सोळाव्या शतकातला सेनापती छी जीग्वांग याच्या सैनिकी पुस्तकातल्या बत्तीस पवित्र्यांत. त्यातला पहिलाच पवित्रा ‘लान-चा-यी’, म्हणजे आळसावल्यासारखा अंगरखा खोचणं. मिंग काळचा पायघोळ झगा हाणामारीआधी कमरेला खोचावा लागे, जसा आपल्याकडे धोतराचा सोगा खोचतात. चेन घराण्याच्या क्रमात तो आजही आहे. यांग (हे आडनाव, यिन-यांगमधलं यांग नव्हे) घराण्याच्या क्रमात त्याच जागी ‘लान-छ्युए-वेइ’ येतो, म्हणजे चिमणीची शेपटी धरणं. उत्तरेच्या बोलीत ‘चिमणी’ आणि ‘शेपूट’ यांचे उच्चार ‘छ्याओ’ आणि ‘यी’ असे होतात. ‘लान-चा-यी’ आणि ‘लान-छ्याओ-यी’ भरभर म्हणून पाहा. ऐकून शिकणाऱ्याने अंगरख्याची चिमणी केली असावी, हा तर्क मला पटतो. त्यामुळे त्या हालचालीत पक्षी शोधत बसू नये.

यांग लुचान (१७९९–१८७२) हा हपेइ प्रांतातल्या योंगनियानचा. तो चेन गावात चेन चांगशिंगकडे शिकला, परतला, आणि पुढे पेकिंगला (आजचं बीजिंग) तेव्हाच्या सत्ताधारी मांचू सरदारांना शिकवू लागला. त्याच्या पद्धतीला लोक ‘कापसाची मूठ’, ‘विरघळवणारी मूठ’ म्हणत, अशी परंपरा सांगते. ही नावं खरं तर जास्त वर्णनपर होती. पण योंगनियानमध्येच वू युशियांग (१८१२–१८८०) होता, आणि तो शेतकरीही नव्हता आणि पोटासाठी शिकवणाराही नव्हता. घर सुशिक्षित, जमीनदार. थोरला भाऊ १८५२ साली राजधानीची सर्वोच्च परीक्षा उतरून हनानातल्या वूयांगचा दंडाधिकारी झालेला. घराण्याच्या नोंदीनुसार त्या वूयांगमधल्या एका मिठाच्या दुकानात वांग झोंगयुए नावाच्या माणसाचं जुनं बाड सापडलं. त्यातल्या निबंधाचं नावच ‘थाय-ची-छ्युएनविषयी’. आरंभ असा: ‘थाय-ची वू-चीतून जन्मते, ती हालचाल आणि स्थैर्य यांची कळ, यिन-यांगची आई. हलली की विभागते, थांबली की जुळते.’

चौ तुनयीची ओळ कुणाला ऐकू येणार नाही इथे? परीक्षेसाठी चू शी घोकलेल्या प्रत्येक माणसाला ती पाठ होती. म्हणून काही अभ्यासकांना संशय आहे की निबंध वू बंधूंच्याच घरात लिहिला किंवा निदान सजवला गेला. वांग झोंगयुए कोण हे ठरवायला पुरावा तुटपुंजा आहे, तेव्हा पैज लावू नये. पण नाव कुठल्या वर्गातून आलं हे स्पष्ट आहे: ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांच्याकडून. वूचा भाचा ली यीयू याने १८८१ मध्ये हे सगळे लेख स्वच्छ उतरवून काढले आणि प्रस्तावनेची पहिलीच ओळ लिहिली: थाय-ची-छ्युएन कुणापासून सुरू झाली ते ठाऊक नाही. इतकं प्रामाणिक वाक्य या विषयाच्या पुस्तकांत नंतर क्वचित सापडतं.

नाव घेतल्यावर त्याचे हप्तेही भरावे लागले. ‘तेरा पवित्रे’ ही जुनी संज्ञा होतीच. आता तेराची फोड झाली आठ अधिक पाच, आठ रेखाकृती आणि पंचतत्त्वं. आठ म्हणजे हातांच्या शक्ती. फंग: हात आतून हवा भरलेल्या ट्यूबसारखा धरणं. ल्यू: आलेला जोर सोबत घेऊन बाजूला वळवणं. ची (हा तिसराच ‘ची’, अक्षर वेगळं): फटीत दाबून शिरणं. आन: तळव्यांनी खाली आणि पुढे लोटणं. त्साय: भाजी खुडावी तसा खाली झटका. ल्ये: दोन विरुद्ध दिशांनी पिळणं. मग कोपर, आणि खांदा-अंग टेकवून धडक. पाच म्हणजे पावलं: पुढे, मागे, डावीकडे लक्ष, उजवीकडे लक्ष, मध्यात स्थिर.

आठांपैकी पहिल्या चारांना मुख्य दिशा आणि उरलेल्या चारांना कोपरे, ही जोडणी सरावात उपयोगी आहे. सरळ अंगावर आलेल्याला पहिल्या चारांनी हाताळायचं. आपला तोल किंवा पवित्रा बिघडला की कोपऱ्यांची चार, ती जवळची आणि खरखरीत. पाच पावलांना मात्र धातू, लाकूड, पाणी, अग्नी, माती असं ओळीने लावलंय आणि तिथे उसनवारी उघडी पडते. मागे घेतलेलं पाऊल ‘लाकूड’ आहे हे कळल्याने ते सुधारलेलं कुणी पाहिलेलं नाही. फक्त ‘मध्यात स्थिर म्हणजे माती’ एवढं जमतं. आणि पहिल्या शक्तीचं ‘फंग’ हे अक्षरही उसनंच: जुन्या कोशांत त्याचा उच्चार ‘पिंग’ आणि अर्थ बाणांच्या भात्याचं झाकण. मुठीवाल्यांनी ते आपल्या शब्दासाठी वापरायला घेतलं, त्यामुळे कोश उघडून ‘फंग’चा अर्थ लावणारा हमखास फसतो.

मग हे नाव नुसती शोभा का? एका जागी नाही, आणि ती जागा पायाखाली आहे.

क्रमाच्या आधी जे उभं राहतात त्याला वू-ची म्हणतात: पावलं खांद्याइतकी, वजन निम्मं-निम्मं, काहीच ठरलेलं नाही. पहिलं पाऊल उचलायचं म्हणजे वजन एका पायावर गेलंच पाहिजे. एक भरला, दुसरा रिकामा झाला. निबंधातलं ‘हलली की विभागते’ ते हेच. धनुष्य-पवित्र्यात (पुढचा गुडघा वाकलेला, मागचा पाय जवळजवळ सरळ) साधारण सत्तर-तीस, रिकाम्या पवित्र्यात पुढच्या पायावर दहा ते तीस टक्के. हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर सारख्या उंचीचे दोन वजनकाटे रबरी चटईवर ठेवा. ६० किलोच्या माणसाला वू-चीत ३०-३० दिसायला हवं. बहुतेकांना पहिल्यांदा ३३-२७ असं काही दिसतं आणि ते सरळ उभे आहेत असं त्यांना मनापासून वाटत असतं. धनुष्य-पवित्र्याला ४२-१८, पुढचा पाय ९० टक्के रिकामा ठेवला तर मागे ५४, पुढे ६. पाऊल आखूड ठेवा, दीड पावलाएवढं. लांब टाकलंत तर मागचा पाय बाजूला रेटतो, काटा सरकतो आणि आकडाही खोटा येतो.

पाऊल बरोबर पडलं का याची काट्याविना कसोटी: टाच टेकवा, पण वजन देऊ नका, आणि तेच पाऊल परत घ्या. धड जराही न हलता परत आलं तर ते रिकामं होतं. धप्प आवाज झाला किंवा परत घेताना कंबर मागे झुकली, तर तुम्ही पाऊल टाकलं नाही, पडलात. जुन्या लेखात ‘मांजरासारखं पाऊल’ म्हटलंय ते यासाठी. मांजर पंजा टेकवून मग ठरवतं.

गुडघ्याचं दुखणंही इथूनच सुरू होतं. भरलेल्या पायाचं पाऊल वळवायला गेलं की पाऊल जमिनीला चिकटून राहतं, मांडी फिरते आणि पीळ मधल्या गुडघ्यात बसतो. नवशिक्याने क्रम असा ठेवावा: वजन मागे घ्या, चवडा हलका झाला की उचला, ४५ अंश वळवा, टेकवा, वजन परत भरा, मगच मागचा पाय उचला. काही घराण्यांत भरल्या पायावर वळतात, पण ते कमरेचा सांधा सुटलेल्यांचं काम आहे. गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो की आत कोसळतो, हे प्रत्येक वळणाला पाहा.

याच निबंधात ‘दुहेरी वजन’ हा दोष सांगितलाय: कित्येक वर्षं सराव करूनही जो वळवू शकत नाही आणि दुसऱ्याच्या ताब्यात जातो, त्याला हा दोष कळलेला नाही. नेहमीची चुकीची समजूत अशी की दोन्ही पायांवर सारखं वजन म्हणजे दोष. तसं असतं तर वू-ची उभं राहणंच चूक ठरेल. खरी गोष्ट जोडीच्या सरावात दिसते. समोरच्याने तुमच्या डाव्या खांद्यावर तळवा ठेवून लोटलं. तुम्ही डाव्याच खांद्याने परत लोटलं, तर एकाच बिंदूवर दोन जोर भिडले. जो वजनदार तो जिंकला. हा झाला ‘तिंग’, टक्कर देणं. तुम्ही डावा खांदा मागे घेतला पण उजवी बाजू जागीच राहिली, तर तुम्ही नुसते ढासळलात; हा ‘त्यौ’, सुटणं. तिसरा मार्ग: कणा जागच्या जागी, डावी बाजू जेवढी मागे जाते तेवढीच उजवी पुढे येते, आणि समोरच्याचा जोर त्याच्या नकळत तुमच्या उजव्या हातात उतरतो. आढं हललं नाही, एका पाखीवरचं ओझं दुसरीकडे गेलं. डावीकडे जड आलं की डावी रिकामी, उजवीकडे आलं की उजवी नाहीशी, असं निबंध म्हणतो. नाव कशासाठी घेतलं हे एवढ्या एका सरावात कळतं.

शिकवताना एक चूक वारंवार होते: ‘मऊ राहा’ म्हणून सांगितलं जातं आणि विद्यार्थी सगळंच मऊ करतो. मग दोन्ही पाखी यिन. आढ्याशिवाय छप्पर म्हणजे जमिनीवर पडलेली कौलं.

नाव उसनं घेणारी ही एकटीच नव्हे. तुंग हायछुआनची (मृत्यू १८८२) वर्तुळात चालत लढण्याची कला आधी ‘फिरता तळवा’ होती, मग ‘पा-क्वा तळवा’ झाली. दक्षिण कोरियाच्या झेंड्यावरचं लाल-निळं वर्तुळ हे थाय-चीच, कोरियन उच्चार ‘तेगुक’. आपल्याकडची मुलं तायक्वांदोच्या वर्गात सुरुवातीच्याच पट्ट्यांपासून ‘तेगुक’चे जे क्रम घोकतात ते एकूण आठ असतात, आठ रेखाकृतींचे. शोतोकान कराटेतला ‘तैक्योकू’ काता म्हणजे तीच दोन अक्षरं जपानी तोंडात. यातल्या कुठल्याही क्रमाचा थाय-ची-छ्युएनच्या हालचालींशी संबंध नाही. सगळे एकाच पोथीकडे जाऊन उसनवारी करून आले, एवढंच.

घराण्यांच्या नावांतही एक सापळा आहे. मुख्य पाच घराणी मोजतात: चेन, यांग, वू, वू आणि सुन. ही छपाईची चूक नाही. एक वर आलेल्या वू युशियांगचं, त्याचं अक्षर ‘लढाऊ’ या अर्थाचं; दुसरं वेगळ्याच आडनावाचं, यांग परंपरेतून फुटलेलं. सूर वेगळे असल्याने चिनीत गोंधळ होत नाही, मराठीत होतो. शिकवणाऱ्याला ‘वू’ म्हणजे कुठलं हे विचारून घ्या, कारण पवित्र्याची उंची, पावलाची लांबी आणि धडाचा कल दोघांत वेगळा आहे. १९५६ साली सरकारी क्रीडा समितीने बसवलेला चोवीस हालचालींचा सोपा क्रम यांग घराण्यावर बेतलेला आहे; वर्गात ‘चोवीस’ म्हणून जे शिकवतात ते हेच. डिसेंबर २०२० मध्ये युनेस्कोच्या यादीत जी नोंद झाली तीही पूर्ण नावाने, मुठीसकट.

खुद्द चीनमध्ये या शब्दाला आणखी एक वळण मिळालंय. फाइल या टेबलावरून त्या टेबलावर सरकवणाऱ्या, प्रश्नाला हो-नाही काहीच न म्हणणाऱ्या साहेबाबद्दल लोक म्हणतात, ‘तो थाय-ची खेळतोय’. आपण त्याला टोलवाटोलवी म्हणतो.

मराठीत कसं लिहावं, तर ‘ताय ची’ सुटं लिहा, जोडू नका, आणि जमलं तर पुढे ‘छ्वान’ लावा. नेमक्या उच्चाराचा हट्ट असेल तर ‘थाय-ची-छ्युएन’. फक्त ‘ची’ला ‘छी’ करू नका, आणि फलकावर अर्थ द्यायचाच असेल तर ‘ऊर्जा’ खोडून टाका.